रिकाम्या मशीनचं पाणी

एप्रिल लागला की फिल्टरवाल्याचा फोन येतो. "मॅडम, मेंब्रेन बदलायला झालीये, कधी येऊ?" मी रविवार सांगते, तो मंगळवारी येतो, आणि तोही नेमका मी केसांना तेल लावून बसलेली असताना. ओट्याखाली फतकल मारतो, भिंतीवरचं मशीन उघडतो, आतली पांढरी नळकांडी पान्यानं सैल करतो आणि तिच्यातून एक ओली गुंडाळी ओढून काढतो. "बघा, किती घाण धरलीये." ही घाण दाखवण्याची त्याला फार हौस. मीही दरवर्षी वाकून बघते, मान हलवते, कामाला लागते. तो गेल्यावर स्वयंपाकघरात ओल्या चुन्याचा आणि गंजाचा मिसळलेला एक वास मागे राहतो. मग माझा उरलेला दिवस गावाकडं जातो.

पाण्याविषयी गहिवरून बोलणारी माणसं मला फारशी आवडत नाहीत. पाणी म्हणजे जीवन वगैरे शाळेच्या भिंतीवर लिहायला ठीक आहे. आमच्या घरात पाण्याबद्दलचं बोलणं नेहमी कामापुरतं असे. आलं का, भरलं का, कुणी सांडलं. एवढंच. त्यामुळे हेही जमेल तितकं त्याच सुरात लिहायचा विचार आहे.

गावाचं नाव सांगत नाही. नाव घेतलं की कुणाचा ना कुणाचा पाहुणा तिथला निघतो. पुण्याहून सातारा रस्त्यानं येताना कामथडी मागे पडली, की सारोळ्याच्या पुलाच्या अलीकडं एक कच्चा रस्ता आत वळतो, त्या रस्त्यावरचं गाव एवढं पुरे. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. हायवे चौपदरी व्हायचं काम चाललं होतं आणि त्याची धूळ गावातल्या प्रत्येक वस्तूवर बसलेली होती. दोरीवरचे कपडे वाळायच्या आधीच पुन्हा मळत. पश्चिमेला, वेल्ह्याच्या अंगाला, पावसाळ्यात नुसता कोसळतो. धरणं भरतात, त्यांच्या पाण्यावर कालव्यानं खालच्या तालुक्यांत ऊस उभा राहतो. आमच्या बाजूला मात्र उन्हाळ्यात बोअरला येई ते खडकातलं जड पाणी. त्यात साबणाला फेस येत नसे, डाळ लवकर शिजत नसे, हंड्याच्या तळाला पांढरी खपली धरे, आणि न्हायलं की केसांची केरसुणी होई. आबा त्याला पातळ केलेला दगड म्हणायचे.

आबा म्हणजे माझे वडील. पुण्यातल्या एका कारखान्यात फिटर म्हणून त्यांनी उमेदीची वर्षं काढली, निवृत्त झाले, आणि आईला घेऊन गावी परतले. आमची बौद्धवस्ती गावाच्या खालच्या अंगाला. तिथं त्यांनी दोन खोल्या आणि पुढं पडवी असं पक्कं घर बांधलं, परसात बोअर घेतलं. मी पुण्यात हॉस्टेलवर राहून रसायनशास्त्र शिकत होते. परीक्षा संपली की ट्रंक उचलायची, स्वारगेटहून एसटी पकडायची, आणि फाट्यावर उतरून उन्हातून चालत घरी यायचं, हा दरवर्षीचा क्रम.

त्या वर्षी घरी पोचले तर पडवीच्या भिंतीवर मशीन. हिरवा दिवा, आरपार दिसणारी टाकी, खाली चकचकीत तोटी. पाणी शुद्ध करणारं आरओ मशीन तेव्हा आमच्या भागात हायवेवरच्या एखाद्या हॉटेलात असलं तर असेल. आबा रोज सकाळी ते ओल्या फडक्यानं पुसत. मी हातपाय धुवायच्या आतच त्यांनी मला त्याची सगळी रचना सांगितली. "आत मेंब्रेन असते. कागदाची गुंडाळी असावी तशी. पंप तिच्यातनं पाणी दाबून काढतो. पाणी तेवढं पलीकडं जातं, क्षार अलीकडं राहतात. मग राहिलेलं क्षाराचं पाणी ह्या दुसऱ्या नळीनं बाहेर." हे सगळं मी त्याच महिन्यात परीक्षेत लिहून आले होते. पण त्यांचा चेहरा इतका खुललेला होता की मी ते नव्यानंच ऐकल्यासारखं ऐकून घेतलं.

"पण आबा, मशीन स्वयंपाकघरात का नाही लावलं?"

"हितं हवेशीर आहे."

आतून आई हसली. "हवेशीर म्हनं! मशीनीला काय घाम येतो का?" मग बाहेर येऊन, पदराला हात पुसत, मला सरळ सांगितलं. "तात्यांसाठी लावलंय ते. त्यांना घरात यायला नको, म्हनून पडवीत."

आबा फडकं घेऊन पुन्हा मशीन पुसायला लागले.

तात्या म्हणजे वरच्या आळीतले शेतकरी, आबांचे शाळासोबती. दोघं एकाच वर्गात होते, वेगवेगळ्या रांगेत. आबा पुण्याला गेले, तात्या शेतीत राहिले. आबा परत आल्यापासून तात्या रोज संध्याकाळी खाली यायचे, पडवीच्या कडेला एक पाय सोडून बसायचे, तंबाखू मळायचे. कांद्यापासून हायवेत गेलेल्या जमिनींपर्यंत सगळं बोलणं व्हायचं. तात्या आबांना "मारत्या" म्हणायचे. दोघंच असले की आबाही त्यांना अरे-तुरे करत. पण रस्त्यानं वरच्या आळीतलं कुणी येताना दिसलं, की आबांचं वाक्य जिथं असेल तिथून "तुमी" होऊन पुढं जायचं आणि माणूस वळणावर दिसेनासा झाला की पुन्हा "तू" वर यायचं. एवढ्या सफाईनं गिअर बदललेला मी एसटीच्या ड्रायव्हरचाही पाहिलेला नाही.

आणि एवढ्या वर्षांत तात्या आमच्या घरी पाणी प्यालेले नव्हते. नको असंही ते कधी म्हणाले नाहीत. आत्ताच पिऊन आलो, आज उपास हाय, घसा धरलाय, असं काहीतरी निघायचं. आबा रोज विचारायचे, तात्या रोज काहीतरी सांगायचे, आणि आत आई चुलीपासून उठायचीसुद्धा नाही. आबा कधी त्यांच्याकडं गेले तर त्यांना ओट्यावर चहा मिळायचा. कुठल्या कपात मिळतो ते मी बघत नाही, असं आबा म्हणायचे. एकदा आई बरोबर होती, तिनं बघितलं होतं. ती त्याबद्दल पुढं कधी बोलली नाही, पण पुन्हा त्या घरी गेलीही नाही.

याला भांडण म्हणता येत नाही. कुणी कुणाचा अपमान केलेला नसतो. फक्त एक गोष्ट होत नाही, ती होत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि गप्पा चालू राहतात. आबांना आयुष्यात फार काही नको होतं. स्वतःच्या कष्टाचं घर झालं होतं, मुलगी शिकत होती. एवढी एकच गोष्ट त्यांच्या मनात राहिली होती, की तात्यानं आपल्या घरचं पाणी प्यावं. त्यासाठी त्यांनी थेट पुण्याहून यंत्र आणलं, यात मला तेव्हा हसावं की चिडावं ते कळत नव्हतं. आता वाटतं, फिटर माणूस. अडलेली गोष्ट दिसली की तो आधी हत्यार शोधणार.

मी आल्याच्या तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळी तात्यांनी तंबाखू झटकली आणि मशीनकडं मान वळवली. "काय म्हनतंय रं तुजं मशीन?"

"बघ की पिऊन," आबा म्हणाले. अगदी सहज म्हणायचा प्रयत्न होता, पण आवाज थोडा वर गेला.

त्यांनी स्टीलचा गिलास भरला. तात्यांनी तो उंच धरून वरून पाणी तोंडात सोडलं, घटाघटा संपवला, गिलास पालथा घातला, मिशा पुसल्या. "गोड हाय की. हाटेलातल्या बाटलीवानी."

आबा उठून आत आले. स्वयंपाकघरात त्यांचं काहीच काम नव्हतं. त्यांनी साखरेचा डबा उघडला, परत लावला. "प्याला," आईला म्हणाले.

"मशीनीचं प्याले," आई भाकरी थापता थापता म्हणाली. "आपलं कुठं प्याले?"

"अगं, बोअर आपलं, लाइट आपली. मग पाणी कुणाचं?"

"कंपनीचं. आपलं असतं तर इतकी वर्सं का न्हाई प्याले?"

माझ्या पुस्तकात मेंब्रेन काय काय अडवते त्याची यादी होती. कॅल्शियम, मॅग्नेशियम, फ्लोराइड. आमच्या पडवीतली मेंब्रेन त्याशिवायही काहीतरी अडवत होती, आणि आईला ते न शिकता समजलं होतं. आमचंच बोअर, पण त्या गुंडाळीतून पलीकडं गेलं की पाण्याला आमचं नाव उरत नव्हतं. आबांना हे पटलं नसावं, असं मी तेव्हा धरून चालले होते. त्या रात्री मात्र ते नीट जेवले नाहीत.

मे महिन्यात गावच्या विहिरीचा तळ दिसायला लागला. नळाला येईल ते पाणी गढूळ, आणि घरोघरी लहान मुलांची पोटं बिघडलेली. नसरापूरच्या डॉक्टरांनी पाणी उकळून प्या नाहीतर फिल्टरचं प्या म्हणून सांगितलं, आणि आमच्या पडवीसमोर कॅन यायला लागले. आधी आमच्या वस्तीतले, मग वरच्या आळीतले. तेलाचे रिकामे कॅन, पितळी कळश्या, एका आजीबाईंनी तर लग्नात आलेलं स्टीलचं पिंप आणलं होतं, त्यावर नाव कोरलेलं. मशीनची टाकी सारखी रिकामी व्हायची, पंप घरघरत राहायचा, आणि लोक निंबाच्या सावलीत थांबायचे. लग्नसराई होती. कुठल्या पोरीला कुठं दिलं, कुठल्या वऱ्हाडाचा टेम्पो घाटात बंद पडला, हे सगळं आता आमच्या दारात कळायला लागलं. तोटी आबा स्वतः सोडायचे. खाली भांडं धरून वरच्या आळीतल्या बायका उभ्या आणि पाणी देणारे आबा, हे आई दारात उभी राहून बघायची. तिचं दूध उतू जायचं, तरी बघत राहायची.

तात्याही कॅन आणायचे. त्यांच्या घरी प्यायला आणि सैपाकाला आता हेच पाणी लागायचं. कॅन भरेपर्यंत बसायचे, मधे एक गिलास प्यायचे. आबा खुश होते. मी दुपारी खाटेवर आडवी पडून जुने दिवाळी अंक वाचायचे, कैऱ्या खायचे, आणि पंपाच्या आवाजाची मला इतकी सवय झाली होती की वीज गेली की जाग यायची.

आता आईच्या नळीचं सांगायला हवं.

अशा मशीनमधून चांगलं पाणी जितकं निघतं त्याहून जास्त पाणी दुसऱ्या नळीनं बाहेर पडतं. ते क्षाराचं असतं आणि टाकून द्यायचं असतं. पहिल्या दिवशी आबांनी ती नळी गटारात सोडली. दुसऱ्या दिवशी आईनं तिच्याखाली बादली ठेवली. त्या पाण्यानं ती भांडी घासायची, पडवी धुवायची, राहिलेलं पपईला घालायची. पण कॅनवाले वाढले तसं हे पाणीही वाढलं. बादल्या भरून वाहायला लागल्या, आणि इकडं गावात पाण्याचा ठणठणाट. आईला ते बघवेना. एका दुपारी आबा आणि मी झोपलेलो असताना तिनं एक लांब पाइप जोडला आणि ते सगळं पाणी परत गच्चीवरच्या टाकीत सोडून दिलं. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात तिला काही वाटलंच नाही.

म्हणजे टाकून दिलेले क्षार फिरून त्याच टाकीत, तिथून परत मशीनमध्ये. काही दिवस काहीच कळलं नाही. मग तोटीची धार बारीक व्हायला लागली. आधी करंगळीएवढी, मग सुतळीएवढी, मग नुसते थेंब. कॅनची रांग वाढली. उन्हात उभं राहून लोक चिडायला लागले. आबांनी मशीन खोललं, सगळं तपासलं, पुन्हा लावलं. शेवटी फाट्यावरच्या बूथवरून भोरला फोन केला आणि सलीमभाईंना बोलावलं.

सलीमभाई भोरचे. मोटारी, मिक्सर, पंखे दुरुस्त करायचे, आणि असली मशीनं यायला लागल्यावर तेही शिकून घेतलं होतं. जुन्या स्कूटरवरून आले, पाणी पिऊन कामाला लागले. नळकांडी उघडून गुंडाळी बाहेर काढली तर तिच्यावर पांढरट पिवळा थर, हंड्याच्या तळाला असतो तसाच, नखानं निघणारा. ते बुचकळ्यात पडले. मशीन तर नवं. मग त्यांनी नळ्या कुठून कुठं जातात ते बोट फिरवत बघायला सुरुवात केली, बोट पाइपावरून भिंतीवर, भिंतीवरून गच्चीवर गेलं, आणि ते वरूनच हसायला लागले.

"वहिनी, ही नळी टाकीत कुनी सोडली?"

"म्या," आई म्हणाली.

"अवं का?"

"मग काय गटारात सोडू? पाणी हाय ते."

"खारं पाणी हाय वहिनी. तेच फिरून फिरून आलं, दर फेरीला अजून खारं. मेंब्रेन चोंदली पार. गेली कामातनं."

आबा तिच्यावर ओरडणार, असं मला वाटलं. तेवढ्यात आईनंच सुरुवात केली. "माझी आय इहिरीच्या कडंला घागर ठिवून बसायची. कोन वरनं वतंल, कवा वतंल, त्याची वाट बघत. वतताना सांडलं तर ते बी मातीतनं फडक्यानं टिपून घ्यायची. मी तिच्या मांडीवर बसून बघितलंय हे. आन् तुमी म्हनता, पाणी गटारात सोड. न्हाई जमलं मला."

सलीमभाईंचं हसणं थांबलं. जिन्यावरून खाली आले आणि म्हणाले, "झाडास्नी सोडा वहिनी. नारळाला चालतं. टाकीत तेवढं नको."

नवी मेंब्रेन पुण्याहून यायची होती आणि उन्हाळ्यात तिला मागणी फार. आठवडाभर तरी लागेल म्हणाले. बाहेर रांग उभीच होती. म्हणून त्यांनी खराब गुंडाळी काढून घेतली आणि रिकामी नळकांडी तशीच परत बसवली. "तवर रिकामं चालवा. पाणी धो धो येईल. कापसाच्या कांडीतनं आन् कोळशातनं गाळून येतंय, तुमचं बोअर चांगलं हाय, कुनी आजारी पडायचं न्हाई. पन मशीन काय करत न्हाई हां. पाणी तुमच्या बोअरचंच."

स्कूटरचा आवाज लांब गेला तसे आबा म्हणाले, "लोकांना सांगून टाकतो. मशीन बंद आहे म्हणून."

"बंद कुठं हाय?" आई म्हणाली. "दिवा लागतोय, पाणी येतंय."

"पण ते आपलं..."

"मग? आपलंच हाय. पिऊ द्या की येकदा."

दोघांनीही माझ्याकडं बघितलं. शिकलेली होते ना. आरोग्याला काही धोका नाही, एवढं मी सांगितलं, आणि खरंच तेवढंच मला ठाऊक होतं. आबा तोटीपाशी गेले. समोर कळशी होती, त्यांनी ती भरली.

पुढचे दिवस आईच्या आयुष्यातले फार मजेचे गेले. धार आता चांगली मनगटाएवढी होती. लोक म्हणत, दुरुस्त झालं वाटतं, बरं झालं. एक बाई सांगून गेली की तुमच्या मशीनचं पाणी सुरू केल्यापासून नातवाचं पोट एकदम सुधारलं. एकानं तर खात्रीनं सांगितलं, की आता पहिल्यापेक्षा गोड लागतंय. आई आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसायची. मीही हसायचे. वरची आळी आमच्या बोअरचं पाणी पीत होती आणि वर नावाजत होती, यापेक्षा चांगली करमणूक त्या सुट्टीत दुसरी नव्हती.

आबा मात्र उतरत गेले. मशीन पुसायचं त्यांनी सोडलं. तात्यांना गिलास देताना ते त्यांच्याकडं बघत नसत, रस्त्याकडं बघत. तात्या प्यायचे, मिशा पुसायचे, बोलत राहायचे. आबांचं लक्ष बोलण्यात नसे. मला हळूहळू उमगत गेलं. जे त्यांना आयुष्यभर हवं होतं ते रोज संध्याकाळी त्यांच्या डोळ्यांदेखत घडत होतं. तात्या आमच्या घरचं पाणी पीत होते. पण तात्यांना ते माहीत नव्हतं, आणि तोवर ते घडलं असं आबांना स्वतःला म्हणता येत नव्हतं. सांगावं, तर कदाचित उद्यापासून पाणीही नाही आणि तात्याही नाहीत. न सांगावं, तर आठवड्यानं नवी मेंब्रेन बसली असती आणि कुणाला कधी काही कळलं नसतं. आईनं एकदा म्हटलंही, "सोडा की आता. कशाला जिवाला लावून घेताय?" त्यावर आबा म्हणाले, "चोरून पाजल्यासारखं वाटतंय गं. आपलंच पाणी, आणि चोरून."

मला त्यांची तेव्हा फार दया आली. राग त्याहून जास्त आला, कुणाचा ते सांगता येत नाही.

पुण्यात आमच्या सोसायटीत आता प्रत्येक स्वयंपाकघरात एक मेंब्रेन आहे. पाहुण्यांना पाणी पुढं केलं की कुणी नाकारत नाही. "फिल्टरचंच आहे ना?" एवढं मात्र विचारतात. प्रश्न साधा असतो, तब्येतीचा असतो, हे मलाही कळतं. तरी "हो" म्हणताना माझा आवाज थोडा चढतो, असं नवऱ्याचं म्हणणं आहे. मी त्याला सांगते, तुझा भ्रम आहे. तो वाद घालत नाही.

सलीमभाईंचा निरोप आला तो दिवस फार उकाड्याचा होता. मेंब्रेन भोरला आली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी ते बसवायला येणार होते. दुपारभर पानही हललं नाही. संध्याकाळी हायवेवरची यंत्रं थांबली, धूळ जरा खाली बसली, आणि लांबवर राजगडाच्या बाजूचे डोंगर दिसायला लागले. आबांनी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला. कुठं निघालात, असं आईनं विचारलं. कुठं नाही, म्हणाले. पडवीत जाऊन बसले.

तात्या नेहमीच्या वेळेला आले. कॅन खाली ठेवला, पाय सोडून बसले, टोपी काढून तिनंच वारा घेतला. आबांनी गिलास भरून दिला. मी दारात होते, आई आत लसूण सोलत होती. रस्त्यावर त्या वेळी कुणी नव्हतं.

तात्यांनी अर्धा गिलास संपवला असेल. आबा म्हणाले, "तात्या, थांब. आधी ऐकून घे."

तात्यांनी गिलास खाली घेतला.

"मशीनमधी काय न्हाई." पुण्यात इतकी वर्षं काढलेले आबा एकदम गावचं बोलायला लागले होते. "मेंब्रेन काढल्याली हाय. मशीन रिकामं हाय. तू हे पितोयस ते आमच्या बोअरचं पाणी हाय. आज न्हाई, बरेच दिस झालं, हेच पितोयस तू."

आत आईचं लसूण सोलणं थांबलं. तात्या गिलासात बघत राहिले. आबांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. त्या क्षणी तात्यांनी ते पाणी नुसतं बाजूला ओतलं असतं तरी मी त्यांच्याशी जन्मात बोलले नसते, आणि आबा त्यातून उठले नसते.

"म्हाईत हाय मला," तात्या म्हणाले.

आबांनी मान वर केली.

"घरी डाळ शिजंना. दुपारपासनं चुलीवर, तरी दाना तसाच टणक. पयल्याच दिशी. बायको म्हनली, हे मशीनचं न्हाई, ह्ये त्यांच्या बोअरचं हाय, उद्यापासनं आनू नका."

"मग?" आबांनी विचारलं.

"मग काय? तिला सांगितलं, तू डाळीला नळाचं घे उकळून." तात्यांनी गिलास तोंडाला लावला, उरलेलं पाणी सावकाश प्याले, आणि गिलास पालथा न घालता सरळ खाली ठेवला. "मेंब्रेन कवा येतीय तुजी?"

"उद्या."

"यिऊ दी. घाई न्हाई," तात्या म्हणाले आणि त्यांनी कॅन पुढं सरकवला. "तवर ह्यो भर."

आबांचा हात तोटीपर्यंत गेला, पण ती सोडायला त्यांना बराच वेळ लागला.